रेकॉर्डिंग रिकामं आलं की आधी स्कॅनचं बटण दाबू नका

आईला सह्याद्रीवरच्या सातच्या बातम्या लागतात, आणि सात वाजता ती घरात नसते. मैत्रिणींबरोबर तलावपाळीला फेऱ्या मारायचा तिचा नेम आहे, पाऊस असला तर छत्री घेऊन. म्हणून टीव्हीखालच्या कपाटात मी एक जुना कॉम्प्युटर बसवला, त्यात डिशचं कार्ड घातलं आणि बातम्या आपोआप रेकॉर्ड होतील अशी सोय केली. जेवणं उरकली की ती नऊ वाजता निवांत बघते. मध्यंतरी मात्र चार महिने असे गेले की आठवड्यातून एकदा-दोनदा तरी रेकॉर्डिंग गायब. कधी फाइलच नाही, कधी शून्य बाइटची फाइल, तर कधी चित्राचे चौकोन-चौकोन होऊन दोन मिनिटांत बंद.

दर वेळी मी तेच करायचो. टीव्हीहेडएंड, म्हणजे वाहिन्या लावणारं आणि रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर, उघडायचं, सगळ्या वाहिन्यांचं पुन्हा स्कॅन, म्हणजे नव्यानं शोध, लावायचं, चहा घेऊन यायचं, पुन्हा सगळं जुळवायचं. दुसऱ्या दिवशी चालायचं. चार दिवसांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

या कोड्याची पहिली गाठ आईनंच सोडवली. भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुझा डबा शुक्रवारी आणि रविवारी उपास करतो रे." मी हसलो आणि मग गप्प झालो, कारण रेकॉर्डिंगची यादी काढून तारखा बघितल्या तर बहुतेक बिघाड खरंच शुक्रवारी नाहीतर रविवारी. अँटेनाला वार कळत नाही. म्हणजे दुखणं गच्चीवर नव्हतं, घरातच होतं, आणि मी स्कॅन करून चुकीच्या जागी मलम लावत होतो.

पुढे जाण्याआधी माझी मांडणी सांगतो, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. आम्ही ठाण्यात नौपाड्यात, चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. गच्चीवर डीडी फ्री डिशची छोटी थाळी, तिथून डक्टमधून उतरलेली साधारण २५ मीटर आरजी-६ केबल. कॉम्प्युटर भावाच्या ऑफिसनं भंगारात काढलेला, त्यात डीव्हीबी-एस२ चं, म्हणजे डिशचा डिजिटल सिग्नल घेणारं, पीसीआय एक्सप्रेस कार्ड, एम८८डीएस३१०३ चिपचं. डेबियन लिनक्स, त्यावर टीव्हीहेडएंड, रेकॉर्डिंगसाठी बाहेरून लावलेली २ टीबीची हार्ड डिस्क. टीव्हीवर रेकॉर्डिंग दाखवायला कोडी. मिथटीव्ही हे रेकॉर्डिंगचं दुसरं सॉफ्टवेअर मी आधी वापरत होतो आणि ते वाईट नाही, पण त्याला मागे डेटाबेस सांभाळावा लागतो, आणि एका घरात एका कार्डासाठी मला तो संसार जड झाला.

जुनं कार्ड घरात पडलंय, ते चालेल का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, म्हणून इथेच निकाली काढतो. २००५-०६ च्या सुमाराला लॅमिंग्टन रोडवरून घेतलेलं बीटी८७८ किंवा एसएए७१३४ चिपचं कार्ड असेल तर लिनक्स त्याला आजही ओळखतं. पण त्याच्या गोल अँटेना-पिनेत केबलवाल्याची वायर थेट खोचून काही मिळणार नाही. २०१२-१३ मध्ये मुंबई आणि आसपासच्या शहरांत केबल डिजिटल झाली आणि सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, तेव्हाच तो जमाना संपला. आता त्या वायरीतून येणारा सिग्नल डिजिटल आहे आणि बहुतेक वाहिन्यांना कुलूप आहे. डीव्हीबी-सी, म्हणजे केबलसाठीचं, कार्ड लावलंत तर वाहिन्यांची नावं दिसतील, चित्र दिसणार नाही. ते कुलूप फोडायच्या भानगडीत पडू नका. ते बेकायदा तर आहेच, शिवाय डोकेदुखीही.

जुन्या कार्डाची पिवळी-पांढरी-लाल पिन मात्र अजून उपयोगाची आहे. सेट-टॉप बॉक्सचं बाहेर पडणारं चित्र त्यात घ्यायचं. तिथे नेहमीचा घोटाळा एकच असतो: चित्र कृष्णधवल दिसतं किंवा वर-वर सरकत राहतं, कारण कार्ड अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीवर बसलेलं असतं आणि आपल्याकडे पाल. ते पालवर नेलं की चित्र ताळ्यावर येतं. पण वाहिनी बदलायची तर बॉक्सच्या रिमोटची नक्कल करणारा इन्फ्रारेड दिवा लागतो, आणि तो दिवा कुणीतरी झाडू मारताना हलवतोच. ज्याला रोजच्या रोज खात्रीचं रेकॉर्डिंग हवंय त्यानं फ्री डिश आणि डीव्हीबी-एस२ कार्ड घ्यावं. २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस म्हणून सुरू झालेली ही सेवा आज ९३.५ अंश पूर्वेच्या जीसॅट-१५ वरून येते. महिन्याचं भाडं नाही, आणि दूरदर्शनच्या वाहिन्यांना कुलूप नाही. शिवाय एकाच ट्रान्सपॉन्डरवरच्या (उपग्रहावरच्या एका प्रक्षेपकावरच्या) तीन-चार वाहिन्या एका ट्यूनरवर एकाच वेळी रेकॉर्ड होतात. ही मजा पिवळ्या पिनेत नाही.

आता मूळ दुखण्याकडे.

आधी यादीतला तो एक शब्द वाचा

टीव्हीहेडएंडमध्ये रेकॉर्डिंगच्या भागात फसलेल्या रेकॉर्डिंगची वेगळी यादी असते आणि तिच्यात स्थितीचा एक रकाना असतो. चार महिने तो रकाना माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मी एकदाही वाचला नव्हता. मला सगळं 'रिकामं' दिसत होतं. सॉफ्टवेअर मात्र दर वेळी वेगळं काहीतरी सांगत होतं. कधी 'टाइम मिस्ड', कधी 'फाइल मिसिंग', कधी 'नो फ्री अडॅप्टर', कधी 'नो इनपुट डिटेक्टेड'. ही एकाच आजाराची चार नावं नाहीत, चार वेगळे आजार आहेत. पहिला घड्याळाचा, दुसरा डिस्कचा, तिसरा कार्डाचा, चौथा गच्चीचा. स्कॅननं यातला एकही बरा होत नाही.

मग स्कॅन केल्यावर दोन दिवस चालायचं कसं? कारण स्कॅन करायच्या आधी मी दर वेळी मशीन बंद करून चालू करायचो. श्रेय स्कॅनला जायचं.

उलट स्कॅननं माझं नुकसानच केलं. एकदा वैतागून मी अख्खं नेटवर्क पुसून नव्यानं बांधलं. टीव्हीहेडएंडमध्ये नेटवर्काच्या पोटात मक्स (एका फ्रिक्वेन्सीवरून येणारा वाहिन्यांचा गठ्ठा), मक्सच्या पोटात सर्व्हिस (त्यातला एकेक प्रवाह), आणि सर्व्हिसला जोडलेली वाहिनी अशी उतरंड असते. रेकॉर्डिंगचा नियम वाहिनीला चिकटलेला असतो. नेटवर्क पुसलं, सर्व्हिस गेल्या, नवीन जुळवणीत 'डीडी सह्याद्री' नावाची दुसरी वाहिनी तयार झाली, आणि नियम बसला जुन्या, पोकळ वाहिनीला धरून. पुढचे पाच दिवस सलग रिकामे गेले. यादीत दोन सह्याद्री दिसत होत्या, तरी माझ्या लक्षात आलं नाही.

शुक्रवार

आमच्याकडे देखभालीच्या नावाखाली शुक्रवारी सकाळी लाईट जाते आणि दुपारी कधीतरी येते. लाईट आली की मशीन आपोआप सुरू व्हावं म्हणून बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, मी तशी सेटिंग करून ठेवली होती. पण शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून आलो की मशीन बंदच असायचं. मला वाटायचं आईनं किंवा कामवाल्या मावशींनी बटण बंद केलं असेल. एकदोनदा तसं बोलूनही दाखवलं. ते अजून मला ऐकवलं जातं.

खरं कारण मदरबोर्डावरचा सीआर२०३२ सेल. नाण्याएवढा. दहा-बारा वर्षं जुन्या मशीनमध्ये तो मेलेला असणारच. भिंतीतून वीज मिळत असते तोवर कळत नाही. वीज पूर्ण गेली की बायॉस सगळं विसरतं. घड्याळ मूळपदावर, आणि 'लाईट आल्यावर सुरू हो' ही सेटिंगही मूळपदावर, म्हणजे बंद. मी रात्री हातानं मशीन सुरू केलं की टीव्हीहेडएंड बघायचं की सातची वेळ निघून गेलीय, आणि नोंदीवर 'टाइम मिस्ड' लिहायचं. बरोबरच लिहायचं.

स्टेशनजवळच्या घड्याळवाल्याकडून सेल आणला, बदलला, बायॉसमध्ये तारीख-वेळ आणि ती सेटिंग पुन्हा भरली. मग खात्री करायला मशीनची पिन भिंतीतूनच काढली, दहा मिनिटं थांबलो, परत घातली. आपोआप सुरू झालं. तुम्हीही ही परीक्षा पिन काढूनच करा. नुसतं मशीन बंद-चालू करून सेल जिवंत आहे का ते कळत नाही.

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर वापरणाऱ्यांनी इथे जरा थांबावं. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर घड्याळच नसतं. लाईट गेली की तो शेवटची लक्षात ठेवलेली वेळ धरून उठतो आणि इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत भूतकाळात राहतो. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण बॅटरी वेगळी लावावी लागते. आणि घरातला राउटर उठायला पाय पेक्षा जास्त वेळ घेतो. घड्याळाचं छोटं मॉड्यूल लावा, किंवा पाय आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या.

रविवार

रविवारचं कोडं जास्त मजेशीर निघालं. त्याच मशीनवर विंडोजही आहे. धाकटा भाऊ रविवारी सकाळी त्यावर जीएसटीचं काम करतो आणि दुपारी दोनच्या सुमारास आटपून मशीन पुन्हा लिनक्समध्ये चालू करून जातो. हे त्यानं मला सांगितलेलं होतं. त्यात काही गडबड असेल असं कुणाला वाटेल?

गंमत अशी की मदरबोर्डावरच्या घड्याळात विंडोज भारतीय वेळ लिहितं, आणि लिनक्स तेच घड्याळ ग्रीनिचचं समजून वाचतं. दुपारी दोन वाजता भावानं लिनक्स सुरू केलं की ते घड्याळात १४:०० वाचतं, त्यात आपले साडेपाच तास मिळवतं, आणि समजतं की संध्याकाळचे साडेसात वाजले. टीव्हीहेडएंड उठतं, यादी बघतं: सातच्या बातम्या? होऊन गेल्या. 'टाइम मिस्ड'. पुढच्या दोन-तीन मिनिटांत इंटरनेटवरून खरी वेळ येते, घड्याळ साडेपाच तास मागे सरकतं, सगळं आलबेल दिसतं. पण त्या दिवसाची नोंद तोवर मोडीत निघालेली असते. मी रात्री येऊन घड्याळ बघायचो तेव्हा ते अगदी बरोबर असायचं, त्यामुळे संशयाला जागाच नाही.

हे मला सापडलं ते सिस्टिमचा लॉग सुरुवातीपासून वाचताना. ओळींची वेळ १९:३१, १९:३२ अशी चालली होती आणि मध्येच एकदम १४:०३. आख्ख्या तपासात माझ्या पाठीवर थाप मारावी असा तो एकच क्षण.

उपाय दोन आहेत. लिनक्सला सांगायचं की घड्याळ भारतीय वेळेत आहे, किंवा विंडोजला सांगायचं की ते ग्रीनिचमध्ये ठेव. पहिला सोपा आहे, पण लिनक्स स्वतःच त्याबद्दल कुरकुरतं. मी दुसरा केला: विंडोजच्या रजिस्ट्रीत, टाइम झोनच्या माहितीच्या जागी, 'रिअलटाइम इज युनिव्हर्सल' अशी एक किंमत १ करून टाकायची. टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल' चालवलं की शेवटी एका ओळीत मदरबोर्डाचं घड्याळ स्थानिक वेळेत आहे की नाही ते लिहून येतं. टीव्हीहेडएंडमध्ये डिशच्या सिग्नलवरून घड्याळ लावायची सोयही आहे. मी ती बंद ठेवतो. एका मशीनचं घड्याळ दोघांनी हलवायचं नाही.

बाकी, तुमचं रेकॉर्डिंग कधीही बरोब्बर साडेपाच तास इकडे किंवा तिकडे दिसलं तर दुसरीकडे कुठेही शोधू नका. साडेपाचचा फरक म्हणजे टाइम झोनच. मिथटीव्हीवाल्यांनी तर हेही बघावं की डेटाबेसमध्ये टाइम झोनची कोष्टकं भरलेली आहेत का, ०.२६ या आवृत्तीपासून ते सगळ्या वेळा ग्रीनिचमध्ये साठवतं आणि ती कोष्टकं नसतील तर अडून बसतं.

हरवलेल्या जूनच्या बातम्या

'फाइल मिसिंग' हा शब्द मला सगळ्यात खोटा वाटायचा, कारण रेकॉर्डिंग चालू असताना मी स्वतः लाल ठिपका बघितलेला असायचा. अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग, वाहिनीचा प्रवाह सेकंदाला अडीच मेगाबिट धरला तर साडेपाचशे एमबीची फाइल व्हायला हवी. सकाळी बघावं तर नाहीच.

बाहेरची हार्ड डिस्क लाईट गेल्यावर कधी लगेच उठते, कधी अर्धा मिनिट घरघरत बसते. लिनक्समध्ये डिस्क एका फोल्डरवर 'चढवली' जाते. डिस्क चढायच्या आधी टीव्हीहेडएंड सुरू झालं तर त्याला तो फोल्डर रिकामा दिसतो, पण दिसतो. ते बिनतक्रार त्यात लिहायला लागतं, म्हणजे प्रत्यक्षात आतल्या छोट्या एसएसडीवर. नंतर कधीतरी डिस्क चढते आणि त्या फाइलींवर पांघरूण पडतं. फाइल आहे, जागा खातेय, पण दिसत नाही.

टीव्हीहेडएंड थांबवलं, डिस्क उतरवली आणि तो फोल्डर उघडला. रिकामा असायला हवा होता. आत अकरा फाइली. पहिली उघडली तर जूनच्या बातम्या: पाऊस लांबलाय, पेरण्या खोळंबल्यात. बाहेर तेव्हा ऑगस्ट चालू होता.

यावर दोन गोष्टी केल्या. एफस्टॅबमध्ये, म्हणजे कुठली डिस्क कुठे चढवायची त्या यादीत, डिस्कची नोंद तिच्या यूयूआयडीनं (कायमच्या ओळख-क्रमांकानं) केली, म्हणजे यूएसबीची पिन कुठेही लावली तरी ती त्याच फोल्डरवर चढते. आणि सिस्टमडीमध्ये, म्हणजे लिनक्समध्ये सगळी सॉफ्टवेअर सुरू करणाऱ्या व्यवस्थेत, टीव्हीहेडएंडच्या सर्व्हिसला पुरवणी फाइल जोडून 'रिक्वायर्स माउंट्स फॉर' या ओळीत तो फोल्डर लिहिला. आता डिस्क चढल्याशिवाय टीव्हीहेडएंड उठतच नाही. डिस्कच मेली तर रेकॉर्डिंग होणार नाही हे खरं, पण ते निदान लगेच कळेल, दोन महिन्यांनी नाही.

कार्ड आहे, पण नाही

'नो फ्री अडॅप्टर' मला स्वतःला फार छळलं नाही. ऐरोलीच्या मित्राला छळलं. त्यानं माझ्यासारखंच कार्ड घेतलं, आधी विंडोजवर चालवून बघितलं, मग रिस्टार्ट करून लिनक्समध्ये आला. पहिल्या फटक्यात वाहिन्या दिसल्या. रात्री मशीन बंद केलं, सकाळी चालू केलं तर कार्ड नाहीसं. त्याचा फोन आला की कार्ड जळालं, बदलून घेतो.

जळालं नव्हतं. या चिपला दर वेळी थंड अवस्थेतून उठताना एक छोटी फर्मवेअर फाइल, म्हणजे चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, भरवावी लागते. विंडोजच्या ड्रायव्हरनं ती भरवली होती, आणि नुसतं रिस्टार्ट केल्यानं चिपची वीज जात नाही, त्यामुळे लिनक्सला ती आयती गरम मिळाली. रात्री वीज गेली, चिप थंड झाली, आणि लिनक्सकडे ती फाइल नव्हतीच. डीमेसेज ही आज्ञा दिली की दिसणाऱ्या लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं: चिप 'कोल्ड स्टेट'मध्ये सापडली, आणि खाली फर्मवेअरची फाइल मिळाली नाही, एरर उणे २. उणे २ म्हणजे फाइलच नाही, एवढाच अर्थ. काही चिप्सच्या फाइली डेबियनच्या नॉन-फ्री फर्मवेअर पॅकेजात मिळतात, काही लिब्रेएलेक या प्रकल्पानं जमवून ठेवलेल्या डीव्हीबी-फर्मवेअरच्या संग्रहात. लॉगमध्ये जे नाव आहे नेमक्या त्याच नावाची फाइल फर्मवेअरच्या फोल्डरात ठेवायची, मशीन पूर्ण बंद करायचं, पिन काढायची, मग चालू करायचं. रिस्टार्टवर कधीही विश्वास ठेवू नका.

काही कार्डांचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नेलमध्ये, म्हणजे गाभ्यात, नसतो. कंपनीच्या साइटवरून आणून स्वतः बांधावा लागतो. असं कार्ड कर्नेलच्या प्रत्येक अपडेटनंतर गायब होणार. डीकेएमएस हे साधन वापरलं तर ड्रायव्हर पुन्हा बांधायचं काम आपोआप होतं, आणि सिक्युअर बूट ही बायॉसमधली सुरक्षा चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर आत घेतला जात नाही हेही ध्यानात ठेवा. माझं मत विचाराल तर ड्रायव्हर कर्नेलमध्ये आहे की नाही ते बघूनच कार्ड घ्या. चार-पाचशे रुपये वाचवून दर महिन्याला एक संध्याकाळ घालवायची, हा काही सौदा नाही.

गच्ची

उरला 'नो इनपुट डिटेक्टेड'. हा पावसाळ्याचा पाहुणा. धो-धो सरीत केयू बँडचा, म्हणजे या डिशच्या फ्रिक्वेन्सीचा, सिग्नल पडतो, ते निसर्गाचं काम आहे आणि सर ओसरली की तो परत येतो. पण पाऊस थांबून तीन तास झाले तरी सिग्नल येत नसेल तर पाणी आभाळात नाही, जोडणीत आहे.

टीव्हीहेडएंडच्या स्टेटसमध्ये एसएनआरचा (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती जोरात आहे त्याचा) आकडा बघायची सवय लावा, आणि सगळं ठीक असतानाचा आकडा कागदावर लिहून ठेवा. माझा कोरड्या दिवशी १२ डेसिबलच्या आसपास असतो. त्या जुलैत तो ८ वर आला होता, दुरुस्त न होणाऱ्या ब्लॉक्सचा आकडा पळत होता, आणि चित्राचे चौकोन पडत होते. निरोगी आकडा माहीत नसता तर ८ म्हणजे चांगलं की वाईट हे मला कळलंच नसतं.

वॉचमनकडून गच्चीची किल्ली घेतली. एलएनबीच्या, म्हणजे थाळीसमोरच्या सिग्नल घेणाऱ्या डबीच्या, तोंडाशी एफ-कनेक्टर फिरवून काढला तर आतून पाण्याचा थेंब ओघळला. मधली तांब्याची तार हिरवी पडलेली, आणि भोवतीची जाळी बोटानं चोळली तर काळी भुकटी होऊन हातात आली. केबल वरून थेट कनेक्टरात उतरत होती, म्हणजे पावसाचं पाणी केबलीवरून घसरत नेमकं तिथेच जायचं. चार बोटं केबल कापली, नवा कनेक्टर बसवला, एलएनबीच्या खाली केबलीचा झोळ ठेवला म्हणजे पाणी झोळाच्या तळातून टपकेल, आणि वरून स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळली. साधी काळी इन्सुलेशन टेप लावू नका. ती एका उन्हाळ्यात सुटते आणि आत पाणी धरून ठेवते. खाली येऊन बघितलं, १२ वर.

मल्टिमीटर असेल तर एलएनबीपाशी केबलीच्या टोकाला मोजा: उभ्या ध्रुवीकरणाला १३ व्होल्ट, आडव्याला १८. खूप कमी आले तर मध्ये कुठेतरी जोड सडलाय. कार्ड वाहिनी लावलेली असतानाच वीज सोडतं, तेव्हा खाली कुणाला तरी सह्याद्री लावून बसवा. आईनं ते काम फोनवरून चोख केलं: "दिसली. गेली. हां, दिसली."

थाळीचं तोंड हलल्याचा संशय असेल तर ठाण्याहून जीसॅट-१५ साधारण १३१ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला पारसिकच्या डोंगराच्या अंगाला, आणि क्षितिजापासून सुमारे ५७ अंश वर आहे. थाळी ऑफसेट, म्हणजे एलएनबी मध्यापासून खाली असलेली, असल्यानं ती इतकी वर बघताना दिसत नाही, त्यावर जाऊ नका. इतक्या उंचीवर डोंगर आड येत नाही. आड येतो शेजारचा रिडेव्हलपमेंटचा टॉवर. हिशोब सोपा आहे: त्या दिशेला २० मीटरवरची इमारत तुमच्या थाळीपेक्षा ३१ मीटर उंच गेली की सिग्नल संपला. अशा वेळी सेक्रेटरी काकांना मस्का लावून थाळी गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात हलवणं एवढाच उपाय.

मग स्कॅन करायचं तरी कधी?

वाहिनी खरोखर जागा बदलते तेव्हाच. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा प्रसार भारती ई-लिलावानं देते, त्यामुळे विशेषतः एप्रिलच्या आसपास यादी हलते. बाकी सगळ्या वाहिन्या दिसतात, एसएनआर ठणठणीत आहे, आणि नेमकी एकच वाहिनी गेली, तर ती हललीय असं समजा. तेव्हाही नेटवर्क पुसू नका. संबंधित मक्सचीच स्कॅनची स्थिती बदलून तो एकटा पुन्हा तपासायला लावा. ती फ्रिक्वेन्सी यादीतच नसेल तर एक नवा मक्स हातानं भरा. माझ्या जुन्या यादीतली एक नोंद ११०९० मेगाहर्ट्झ, उभं ध्रुवीकरण, सिम्बॉल रेट २९५०० अशी आहे, आणि एलएनबीचा प्रकार युनिव्हर्सल. नवी सर्व्हिस सापडली की 'सगळं जुळव' हे बटण न दाबता जुनी वाहिनी उघडा आणि तिच्या सर्व्हिसच्या रकान्यात नव्या सर्व्हिसवर खूण करा. वाहिनी तीच राहते, नियम तोच राहतो, यादीत दोन सह्याद्री होत नाहीत.

आणि नियमात सुरुवातीला तीन मिनिटं, शेवटी दहा मिनिटं जादा टाकून ठेवा. बातम्या वेळेवर सुरू होतात, पण आईला शेवटचं हवामान हवं असतं आणि ते दर वेळी अर्ध्यावर कापलं जायचं. तो बिघाड कुठल्याच यादीत दिसत नव्हता; तो फक्त तिच्या बोलण्यातून कळला.